थाई भाषा शिकायची आहे? तुमची शिकण्याची पद्धत अशी शोधा

जानेवारी 2023 मध्ये परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे धम्म पदयात्रा निघाली. तिच्यात थायलंडचे शंभराहून अधिक भिक्खू होते. पाली वंदना दोन्हीकडच्या लोकांना ओळखीची, पण साधी विचारपूस करायची तर दुभाषी हवा. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या बोरीसारख्या गावात थाईचा क्लास सहज मिळणार नाही. शिकायचे ते मोबाईलवर आणि स्वतःच. त्यामुळे ‘मला कोणत्या पद्धतीने जमेल?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

‘लर्निंग स्टाईल’ म्हणजे काय?

कोणी बघून शिकतो, कोणी ऐकून, कोणी वाचून-लिहून, तर कोणी प्रत्यक्ष करून, अशी ही कल्पना आहे. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची 1992 ची ‘वार्क’ प्रश्नावली याच चार प्रकारांवर आधारलेली आहे.

मात्र 2008 मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले. आवडत्या प्रकारानुसार शिकवले की जास्त चांगले शिकता येते, याला पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. आवड प्रत्येकाची वेगळी असते, हे खरे. पण पद्धत ठरवताना आवडीइतकेच ‘काय शिकायचे आहे’ हेही पाहावे लागते. थाईत हे लगेच कळते.

सूर: इथे कानच हवा

थाईत पाच सूर आहेत. ‘क्लाय’ सपाट सुरात म्हटले तर ‘लांब’, उतरत्या सुरात म्हटले तर ‘जवळ’. रिक्षावाल्याला पत्ता विचारताना एवढी चूक पुरेशी आहे! तसेच ‘खाव’: उतरता सूर म्हणजे भात, खालचा सूर म्हणजे बातमी, चढता सूर म्हणजे पांढरा.

मराठी माणसाची एक सवय इथे नडते. ‘आला’ आणि ‘आला?’ यांतला फरक आपण आवाज चढवून करतो. थाईत शेवटचा शब्द असा चढवला तर त्याचा अर्थच बदलू शकतो. प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘माय’ हा वेगळा शब्द लावतात.

म्हणून ‘मी वाचून शिकणारा’ असे म्हणत देवनागरीत शब्दांची वही भरली, तर सूर वहीबाहेरच राहतात. ऐका, म्हणा, स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशी ताडून पाहा.

लिपी: इथे डोळा आणि हात

थाई लिपीत 44 व्यंजने आहेत, त्यांपैकी दोन आता वापरात नाहीत. त्यांचा क्रम आपल्या क-च-ट-त-प वर्गांच्याच वळणाचा आहे. काही स्वरचिन्हे व्यंजनाच्या आधी लिहितात, जशी आपण ‘कि’ मधली वेलांटी आधी काढतो. शब्दांमध्ये मोकळी जागा सहसा सोडत नाहीत. अक्षरे हाताने गिरवल्याशिवाय हे सवयीचे होत नाही. व्यंजनांचे तीन गट सूर ठरवायला मदत करतात, म्हणून लिपी फार काळ टाळू नये.

शब्द: इथे मराठीची मदत

संस्कृत-पालीतून आलेले अनेक शब्द थाईत आहेत:

- भाषा – फासा
- गुरू – ख्रू
- आचार्य – आचान
- आहार – आहान
- विद्यालय – वित्थयालय
- प्रदेश – प्रथेत (अर्थ: देश)

यात एक धागा दिसतो. ‘ग’चा ‘ख’, ‘द’चा ‘थ’, ‘भ’चा ‘फ’ होतो. शब्दाच्या शेवटचा ‘र’ ‘न’सारखा ऐकू येतो. क-ख, त-थ, प-फ हे फरक आपल्या जिभेला लहानपणापासूनच ठाऊक आहेत. इंग्रजी भाषकांना ते मुद्दाम शिकावे लागतात.

आठवडाभराची चाचणी

1. साधारण सारख्या अवघडपणाचे 30 नवे शब्द घ्या आणि दहा-दहाचे तीन गट करा.
2. पहिला गट फक्त ऐकून आणि म्हणून शिका, दुसरा लिहून, तिसरा छोट्या वाक्यांत बोलून. प्रत्येक गटाला रोज सारखाच वेळ द्या.
3. दुसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी, वही न उघडता, घरातल्या कोणाला तरी अर्थ विचारायला सांगा. उत्तर थाईत द्या.
4. किती शब्द आठवले आणि किती सुरांसकट बरोबर आले, हे वेगवेगळे मोजा.

कोणती पद्धत आवडली यापेक्षा सातव्या दिवशी काय उरले ते पाहा. एका चाचणीवरून कायमचा शिक्का मारू नका, महिन्याने पुन्हा करून बघा. आणि आठवण्याचा सराव चाचणीपुरता ठेवू नका. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा न बघता आठवल्याने जास्त काळ लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिके यांच्या 2006 च्या प्रयोगांत दिसले आहे.

आवडणाऱ्या पद्धतीने सुरुवात करा, म्हणजे अभ्यास सुटणार नाही. पण सुरांसाठी कान आणि लिपीसाठी हात, एवढे कोणालाच चुकणार नाही.