काळवीट : वर्तन व उत्क्रांती

खुल्या माळरानावर राहणारा, गोकुलातील समखुरी प्राणी. शास्त्रीय नाव अँटिलोप सर्व्हिकाप्रा. अँटिलोप वंशातील ही एकमेव जाती होय. मादीला शिंगे नसतात. आडोसा नसलेल्या प्रदेशातील वास्तव्यामुळे या जातीचे पळणे, कळप करणे व जोडीदार निवडणे नैसर्गिक आणि लैंगिक निवडीतून घडले, असे मानतात.

आढळ : महाराष्ट्रातील येवला तालुक्यात (नाशिक), पर्जन्यछायेतील ममदापूरच्या माळावर काळविटांचे कळप आहेत. तेथे २०१४ मध्ये सुमारे ५४ चौ. किमी. संवर्धन राखीव क्षेत्र घोषित झाले. राज्यात रेहेकुरी (अहिल्यानगर) व नान्नज (सोलापूर) येथेही आढळ आहे.

पलायन : धोक्याची चाहूल लागताच एक प्राणी उंच उडी घेतो व पाठोपाठ कळप उधळतो. उडी हा सोबत्यांना इशारा, की आपला पाठलाग व्यर्थ असल्याचा शिकाऱ्याला संदेश, याविषयी मतभेद आहेत. काळविटाचा वेग चित्त्याच्या पाठलागातून वाढला, असे एक मत आहे. भारतातील चित्ता १९५२ मध्ये नामशेष घोषित झाला. लांडगा हा भक्षक मात्र काही माळांवर टिकून आहे.

कळप : मोकळ्या माळावर कळप मोठे, झुडपांत लहान असतात. अनेक डोळ्यांची पहारेदारी व एकट्याला असणारा धोका विभागला जाणे, हे त्याचे लाभ होत.

प्रणय : तरुण नर मादीसारखा पिंगट असतो व वयाबरोबर काळा होतो. डार्विनने १८७१ च्या ग्रंथात लैंगिक निवडीच्या संदर्भात या रंगभेदाची दखल घेतली. विणीच्या हंगामातील रंगबदल व त्यावरील खच्चीकरणाचा परिणाम ही माहिती त्याला कलकत्त्यात काम केलेल्या एडवर्ड ब्लाइथकडून मिळाली होती. नर लेंड्यांचे ढीग व डोळ्यांजवळील ग्रंथींचा स्राव यांनी हद्द आखतो आणि नाक वर करून, शिंगे मानेवर टेकवून मादीपुढे चालतो. गुजरातमधील वेळावदर येथे अनेक नर लहान हद्दी एकमेकींना खेटून मांडतात. या पद्धतीला ‘लेक’ म्हणतात. माद्या तेथे निवड करण्यासाठी येतात. त्या हद्दींत चारा वा पिलांसाठी आसरा यांचे विशेष आकर्षण नसते. बहुतेक मीलने मोजक्या नरांच्या वाट्याला येतात. हद्द राखताना झुंजी होतात व चरण्याचा वेळ घटतो. हा खर्च हद्दीच्या जागेनुसार कसा बदलतो, याचा अभ्यास कविता ईश्वरन व यादवेंद्रदेव झाला यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केला. सर्वच ठिकाणी लेक आढळत नाही. विरळ कळपांत नरांच्या हद्दी दूरदूर असतात. माद्यांची घनता व वावर यांच्याशी या फरकाचा संबंध जोडला जातो.

पिलू : बहुधा एकच, पहिले काही दिवस गवतात निश्चल दडून राहते.

बदललेला अधिवास : माळांची शेती झाल्यावर कळप पिकांत शिरतात. उन्हाळ्यात पाण्याच्या शोधात वस्तीकडे आलेली जनावरे विहिरीत पडतात किंवा कुत्र्यांना बळी पडतात. मोकळ्या जागी उपयोगी ठरणारी भरधाव पळण्याची सवय येथे घातक ठरू शकते.

संरक्षण : वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, अनुसूची १.