आपटेकर : एक आडनाव आणि एका समाजाचे आत्मभान

पनवेल तालुक्यात पाताळगंगेच्या काठी वसलेल्या आपटा गावावरून बेने इस्राएल समाजात ‘आपटेकर’ हे आडनाव आले. अशी आडनावे त्या त्या गावात जन्मत नाहीत, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. आपट्यात सारेच आपट्याचे. तेथे कोणास आपटेकर म्हणण्याचे प्रयोजन नाही. मनुष्य पनवेलीस किंवा मुंबईस गेला म्हणजे परके लोक त्यास गावावरून ओळखू लागतात आणि एकदोन पिढ्यांत परक्यांनी दिलेली ही खूणच ‘आमचे नाव’ होऊन बसते.

शब्दाच्या घडणीतही हीच अजाणता दिसते. ‘सातारा’पासून ‘सातारकर’ होताना अन्त्य आकार लोपतो. ‘रोहा’, ‘आपटा’ यांपासून मात्र ‘रोहेकर’, ‘आपटेकर’ अशी एकारयुक्त रूपे होतात. हा भेद कोणी कोणास शिकविलेला नाही, आणि विचारल्यास बोलणाऱ्यास त्याचे कारण सांगता येत नाही. एडवर्ड सपीर याने १९२७ साली सामाजिक वर्तनातील अजाणत्या आकृतिबंधांविषयी निबंध लिहिला, त्यात भाषेचा दाखला मुख्य होता, तो याचमुळे.

पण आडनावाहून महत्त्वाचे नाव निराळेच आहे. कुलाबा (१९८१ पासून रायगड) जिल्ह्यातील हा समाज तेलाचा घाणा चालवी आणि शनिवारी तो बंद ठेवी. म्हणून शेजारी त्यास ‘शनवार तेली’ म्हणत. शेजाऱ्यास दोनच गोष्टी दिसत होत्या : धंदा आणि सुटीचा वार. त्या त्याने जातिव्यवस्थेच्या चौकटीत बसविल्या, आणि समाजही त्या चौकटीत पिढ्यान्‌पिढ्या वावरला. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही परंपरागत कथा घरोघर सांगितली जात होतीच. आठव्या दिवसाची सुंता व शनिवारचा विसावाही चालू होता. मात्र जगात इतरत्र ज्यू आहेत आणि आपण त्यांपैकीच आहो, असे व्यापक भान या आचारांतून आपोआप निर्माण झाले नव्हते.

ते कोचीनच्या डेव्हिड रहाबीने दिले, असे समाज मानतो. त्याचा काळ कोणता, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्याने आणलेल्या मासळीतून स्त्रियांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले, त्यावरून त्याने त्यांची ओळख पटविली, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता बाजूस ठेवली तरी तिचा आशय दुर्लक्षिण्याजोगा नाही : पुरावा ग्रंथात नव्हता, स्वयंपाक करणाऱ्या हातांच्या सवयीत होता.

पुढे १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधणारा सॅम्युएल इझिकिएल दिवेकर हा ‘सामाजी हसाजी’ या नावानेही ओळखला जाई. एकाच पुरुषाची ही दोन नावे परस्परविरोधी नव्हेत. त्यास स्वतःस तसे वाटले असेल, असे मानण्यास आधार नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनचे लोक व जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे शिक्षण व बायबलचे भाषांतर पुरविले. हेतू धर्मांतराचा होता. फळ मात्र ज्यू आत्मभान दृढ होण्यात आले. इतिहासात असे वारंवार घडते.

इस्राएलमध्ये स्थलांतर केल्यावर हाच समाज पुन्हा परक्याच्या नजरेखाली आला. विवाहापूर्वी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करावी, असे तेथील मुख्य रब्बीपीठाने १९६२ साली फर्माविले. दीर्घ निदर्शनांनंतर १९६४ साली तेथील संसदेने त्यांचे पूर्ण ज्यूपण मान्य केले. कोकणात जे शनिवारमुळे वेगळे ठरले, त्यांचे वेगळेपण तेथे भारतीयपणामुळे ठरले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू व भारतीय दोन्ही वंशांचा मोठा अंश आढळला; परंतु त्या निष्कर्षाची वाट पाहून कोणी आपले नाव ठरविले नव्हते.

जाता जाता एक योगायोग नोंदवावासा वाटतो. पूर्व युरोपातील ज्यूंतही जवळजवळ याच उच्चाराचे आडनाव आहे. रशियन भाषेत त्याचा अर्थ औषधविक्या. तेथील घराण्यास ते धंद्याने दिले, कोकणातील घराण्यास पाताळगंगेकाठच्या गावाने.