चित्र नसलेली गुहा

गेममधलं जग म्हटलं की आज आधी ग्राफिक्स आठवतात. पण 1976 च्या सुमारास अमेरिकेत विल क्राउथरने लिहिलेल्या ‘अ‍ॅडव्हेंचर’मध्ये एकही चित्र नव्हतं. पडद्यावर गुहेचं वर्णन वाचायचं, एक-दोन शब्दांत हुकूम टाइप करायचा आणि पुढे सरकायचं, बस्स! तरीही ती गुहा खरी वाटायची, कारण मुळात ती खरीच होती. केंटकीतल्या मॅमथ केव्हच्या मोजणीत आणि नकाशांच्या कामात क्राउथर आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया दोघंही होते. पुढे घटस्फोट झाला. मुली दुरावतायत असं वाटलं, म्हणून त्यांना खेळता येईल असा हा गेम त्याने लिहिला. 1977 मध्ये डॉन वुड्सने त्यात आणखी जादू आणि आणखी खजिने घातले. पण गुहेतल्या मूळ वाटा मात्र क्राउथरने स्वतः पालथ्या घातलेल्या.