धरमतरच्या खाडीवरील वल्हेकरी आणि हौसेचीं वल्हवणी-मंडळें

मुंबई-गोवें रस्त्यास जेथें अलिबागचा फांटा फुटतो तें वडखळ गांव आज वाहनांच्या वर्दळीमुळेंच प्रवाशांच्या ध्यानीं राहतें. परंतु त्या फांट्यानें थोडें पश्चिमेस गेलें म्हणजे धरमतर येथें अंबा नदीची खाडी आडवी येते, आणि ह्या प्रांताचा जुना राजमार्ग जमिनीवरून नव्हे तर पाण्यावरून जात होता ह्याची आठवण होते. नागोठण्याकडून येऊन रेवसापाशीं समुद्रास मिळणारी ही खाडी जुन्या इंग्रजी लेखांत नागोठण्याच्या नांवानें येते. पोटासाठीं वल्हें मारणारे ह्या किनाऱ्यावरील लोक आणि हौसेनें वल्हविण्यासाठीं स्थापन झालेलीं मंडळें ह्यांचें परस्पर नातें काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत विचारांत घ्यावयाचा आहे.

इ. स. १६७९ मध्यें शिवाजी महाराजांनीं खांदेरी बेटावर तटबंदीचें काम चालविलें, तेव्हां मुंबईच्या इंग्रजांनीं त्यास विरोध केला. ता. १८ ऑक्टोबर १६७९ च्या झुंजींत मराठ्यांनीं इंग्रजांची 'डोव्हर' ही गुराब धरली. 'रिव्हेंज' ह्या जहाजानें मात्र टिकाव धरून मराठी आरमारास नागोठण्याच्या खाडीच्या मुखापर्यंत मागें रेटलें, असें इंग्रजी वृत्तांतांत आहे. तथापि ह्या विजयाचा इंग्रजांस उपयोग झाला नाहीं. वाऱ्यावर अवलंबून असणारीं त्यांचीं जड जहाजें चौकी करीत असतांना मराठ्यांच्या हलक्या नावा रात्रीं बेटावर सामुग्री पोंचवीत राहिल्या. वारा पडला म्हणजे शीड निरुपयोगी होतें, वल्हें होत नाहीं. खांदेरी मराठ्यांकडे राहिली त्यांत ह्या साध्या गोष्टीचा वांटा मोठा आहे.

पुढें आंग्र्यांच्या आरमारासंबंधानें लिहितांना रॉबर्ट ऑर्म ह्या अठराव्या शतकांतील इंग्रज इतिहासकारानें गलबतांस चाळीस ते पन्नास भक्कम वल्हीं असून तीं तासास चार मैल चालविलीं जात, असें नमूद केलें आहे. चाळीस वल्ह्यांमागें निदान चाळीस माणसें आलींच. दौलतखान, मायनाक भंडारी, कान्होजी आंग्रे हीं नांवें आपणांस पाठ आहेत. त्या चाळिसांपैकीं एकाचेंही नांव आपण सांगूं शकत नाहीं. कोळी, भंडारी आदि दर्यावर्दी समाजांत वल्हें हातीं घेण्यास प्रवेशाचा अर्ज लागत नसे. बापाच्या होडींत पोरानें बसावें, भरती-ओहोटीचें भान यावें, उधाण व भांग ह्यांतील भेद कळावा, आणि एके दिवशीं वल्हें हातांत पडावें, हीच त्याची दीक्षा.

हौसेच्या वल्हवणीचा उगम पाहूं गेल्यास तोही कष्टकऱ्यांतच सांपडतो. थॉमस डॉगेट ह्या नटानें १७१५ सालीं लंडनमध्यें टेम्स नदीवरील नावाड्यांसाठीं शर्यत सुरू केली. उमेदवारी नुकतीच संपविलेले तरुण नावाडी तींत उतरत, आणि ती आजही होते. मागाहून विद्यापीठें ह्या खेळांत आलीं. ऑक्सफर्ड व केंब्रिज ह्यांची पहिली शर्यत १८२९ सालीं, आणि हेन्ले येथील मेळा १८३९ सालीं सुरू झाला. पण १८७९ सालीं त्याच हेन्लेच्या चालकांनीं हौशी खेळाडूची व्याख्या ठरवितांना, जो वेतनावर कारागीर अथवा मजूर म्हणून काम करीत आहे किंवा पूर्वीं करीत होता, त्यास दार बंद केलें. १९२० सालीं जॉन केली ह्या अमेरिकन वल्हेकऱ्यास तेथें प्रवेश नाकारण्यांत आला, तेव्हां तो गवंडीकाम करी हेंही एक कारण होतें. त्याच वर्षीं अँटवर्प येथील ऑलिंपिकांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें. मजुरांविषयींचा तो निर्बंध १९३७ सालीं उठला. ज्यांच्या हातांनीं ही विद्या राखली त्यांसच तिच्या मंडपाबाहेर उभें करण्याचा हा प्रकार होय.

आपल्याकडे ह्या खेळाचें मंडळ निघालें तें कोंकणांत नव्हे, पुण्यास. बंडामुळें मुळा-मुठेचें पाणी जेथें अडून राहतें तेथें १८६८ सालीं साहेबलोकांचें बोट क्लब स्थापन झालें. त्यास पुढें कॅनॉटच्या ड्यूकाचें नांव मिळालें. एतद्देशीय तरुणांच्या हातीं वल्हें येण्याच्या दृष्टीनें महत्त्वाचें वर्ष १९२८ होय. त्या सालीं संगमावरील इंजिनिअरिंग कॉलेजांत विद्यार्थ्यांचें बोट क्लब सुरू झालें, आणि त्याचा 'रेगाटा' हा नौकोत्सव पुणेकरांच्या परिचयाचा झाला. घाटावरील ज्या मुलानें खाडी पाहिलीही नव्हती त्यास येथें प्रथम कळे कीं, वल्हेकरी प्रवासाच्या दिशेकडे पाठ करून बसतो, नाव हातांपेक्षां पायांच्या रेट्यानें अधिक पळते, आणि एकाचा ताल चुकला तर सर्वांचे श्रम वायां जातात.

ह्या कथेचा सर्वांत बोधप्रद भाग अगदीं अलीकडचा आहे. नाशिक जिल्ह्याच्या चांदवड तालुक्यांतील तळेगांव रोही हें अवर्षणग्रस्त गांव. तेथील विहिरी खणणाऱ्या मजुराचा मुलगा दत्तू भोकनळ स्वतः मजुरी करून २०१२ सालीं सैन्यांत शिरला, आणि पुण्यास लष्करांत त्यानें वल्हें हातीं घेतलें. २०१६ सालीं रिओ येथील ऑलिंपिकांत तो एकेरी शर्यतींत तेरावा आला; २०१८ सालच्या आशियाई स्पर्धेंत, चार गडी व प्रत्येकास दोन वल्हीं अशा नावेंतून, त्यानें सहकाऱ्यांसह सुवर्णपदक जिंकलें. १८७९ च्या व्याख्येनें ह्याच पुरुषास हेन्लेच्या पाण्यांत उतरूं दिलें नसतें.

ह्यावरून असें म्हणावें लागतें कीं, पोटासाठीं वल्हविणारा आणि हौसेनें वल्हविणारा ह्यांमधील भिंत वल्ह्यानें उभारलेली नाहीं. ती माणसांनीं उभारली आणि माणसांनींच पाडली. मंडळाचा खरा उपयोग पाण्याशीं पिढीजाद नातें नसलेल्यासही तें जोडतां यावें हा होय. परंतु मंडळांच्या दप्तरीं शर्यतींचे निकाल राहतात, विजेत्यांचीं नांवें फलकांवर चढतात; खाडीच्या वल्हेकऱ्याचें नांव मात्र ओहोटीबरोबर गेलें. धरमतरास आज पूल आहे, आणि खाडींतून दोलवीच्या कारखान्याचा कच्चा माल घेऊन यांत्रिक नावा जातात. आरमाराच्या जमाखर्चांत, बंदरांच्या हिशेबांत किंवा वडखळ-पेण भागांतील जुन्या घरांच्या कागदांत एखाद्या खलाशाचें अथवा तांडेलाचें नांव आढळल्यास तें क्षुल्लक मानूं नये. टिपून घेऊन प्रसिद्ध करावें, अशी इतिहासप्रेमी वाचकांस विनंती आहे. खांदेरीच्या इतिहासांतील तीं रिकामीं आसनें भरण्याचा दुसरा मार्ग नाहीं.