पार्किंगच्या कोब्याला तडे गेलेत? दुरुस्ती आणि सीलिंग कधी आणि कसं करायचं

गॅरेजच्या किंवा गाडीच्या शेडमधल्या कोब्याला तडे, खड्डे पडले, की बरेच जण इपॉक्सी आणून थेट फासतात. जव्हार-मोखाड्यासारख्या भरपूर पावसाच्या भागात हे पैसे पाण्यात जाऊ शकतात. म्हणून कामाचा क्रम सांगतोच, पण योग्य महिनाही सांगतो.

इपॉक्सी सुटतं का?

काँक्रीटमध्ये बारीक छिद्रं असतात. पावसाळ्यात जमीन भिजली, की ओल त्यातून वर चढते. शेणाने सारवलेली जमीन ही ओल हवेत सोडते. इपॉक्सीचा थर ती अडवतो, मग फुगतो आणि त्याचे पापुद्रे निघतात.

आधी तपासा

• भेगेशेजारी मोजपट्टी ठेवून दर १५ दिवसांनी त्याच जागेचा फोटो काढा. तारीख फोटोच्या डिटेल्समध्ये राहतेच. भेग रुंदावत असेल तर खालचा भराव खचत असू शकतो. आधी गवंड्याला दाखवा आणि पाण्याचा निचरा करा.
• एटीएम कार्डाची जाडी साधारण पाऊण मिलिमीटर असते. कार्ड भेगेत शिरलं तर ती भेग कापून भरावी लागेल.
• हातोडीने हलकं ठोका. पोकळ आवाज आला तर तेवढा भाग सुटलाय.
• ४५ सेंटिमीटरचा चौकोनी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा. निदान १६ तासांनी काढा. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर ओल आहे.

दुरुस्ती : नोव्हेंबर-डिसेंबर

सिमेंटच्या कामाला नंतर पाणी मारावं लागतं. इथे पाऊस धो धो पडतो, तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर पाण्याची टंचाई असते. म्हणून पाणी आहे तोवरच हे काम उरका.

१. सुटलेला भाग छिन्नीने काढा, भेग ग्राइंडरने रुंद करा. मास्क आणि चष्मा हवाच. सिमेंटची धूळ फुप्फुसांना घातक असते.
२. तेलाचे डाग डिटर्जंटने घासा, धूळ झाडा, जागा ओली करा. पाणी साचू देऊ नका.
३. सिमेंट आणि एसबीआर लेटेक्सची पातळ पेस्ट ब्रशने लावा. प्रमाण डब्यावर असतं.
४. पेस्ट ओली असतानाच १ भाग सिमेंट, ३ भाग वाळू आणि लेटेक्सचा माल दाबून भरा, थापीने सारखा करा.
५. माल घट्ट झाल्यावर ओलं गोणपाट घाला, वर प्लास्टिक टाका. पाणी कमी लागतं. सात ते दहा दिवस ओल टिकवा.

कोब्यात मुद्दाम ठेवलेले सांधे सिमेंटने बुजवू नका. काँक्रीट तापल्यावर फुगतं. तिथे लवचीक पीयू सीलंट भरा.

सीलिंग : फेब्रुवारी-मार्च

नवा माल निदान २८ दिवस वाळू द्या, मग प्लास्टिकची चाचणी पुन्हा करा. तुकडा कोरडा निघाला तरी तो कोरड्या दिवसांतला निकाल आहे. जुलैमध्ये ओल दिसली असेल तर इपॉक्सी नकोच. सिलेन-सिलोक्सेनचा आत मुरणारा सीलर घ्या. तो वरचं पाणी शोषू देत नाही, पण आतली वाफ बाहेर सोडतो. चकाकी येत नाही, मात्र सुटायला वर थरच नसतो.

जुलैमध्येही जमीन कोरडी राहत असेल, तरच इपॉक्सीचा खर्च करा.