कोड रिपॉझिटरीची सुरक्षा : स्वयंचलित तपासण्या कशा काम करतात?

कोड रिपॉझिटरी म्हणजे सॉफ्टवेअरचा कोड आणि त्यात झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद जिथे एकत्र ठेवली जाते ती जागा. गिटहब आणि गिटलॅब या त्यासाठीच्या प्रसिद्ध सेवा. एकाच रिपॉझिटरीत अनेकजण काम करतात. त्यामुळे एखाद्याची चूक किंवा मुद्दाम घुसवलेला कोड पुढच्या आवृत्तीतून थेट वापरकर्त्यांपर्यंत पोहोचू शकतो. प्रत्येक ओळ माणसाने डोळ्यांत तेल घालून तपासणे शक्य नसते. म्हणून बदल मुख्य ब्रँचमध्ये घेण्याआधी तो आपोआप तपासणारी साधने जोडली जातात.

तपासण्यांचे मुख्य प्रकार

१. गुपितांचा शोध : पासवर्ड, एपीआय की, टोकन कोडमध्ये राहून गेले आहेत का, हे ही तपासणी पाहते. २०१६ मध्ये हल्लेखोरांना उबरच्या अभियंत्यांच्या खासगी रिपॉझिटरीत ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेची की सापडली. तिच्या आधारे त्यांनी सुमारे ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती मिळवली. रिपॉझिटरी खासगी आहे, एवढ्यावर विसंबून चालत नाही.

२. लायब्ररींची तपासणी : आजचे बहुतेक सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या लायब्ररींवर उभे असते. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा ती आपल्याकडे नेमकी कुठे वापरली आहे, हेच अनेक कंपन्यांना पटकन सांगता येईना. डिपेंडाबॉटसारखे साधन वापरातल्या लायब्ररींची यादी ज्ञात त्रुटींशी ताडून पाहते आणि दुरुस्त आवृत्ती सुचवते.

३. कोडचे विश्लेषण : कोडक्यूएल, सेमग्रेप ही साधने कोड न चालवता तो वाचतात. वापरकर्त्याने फॉर्ममध्ये भरलेला मजकूर न तपासता थेट डेटाबेसच्या क्वेरीत वापरला असेल, तर अशा धोक्याच्या जागा ती दाखवतात.

नुसता इशारा पुरेसा नाही

तपासणीत दोष सापडूनही बदल मुख्य ब्रँचमध्ये घेता येत असेल, तर घाईच्या वेळी तिच्याकडे दुर्लक्ष होतेच. म्हणून ब्रँच प्रोटेक्शनच्या नियमांत ती तपासणी आणि किमान एका सहकाऱ्याची मंजुरी सक्तीची करावी. गुपित सापडले, तर फाइलमधून ती ओळ काढून भागत नाही. गिट जुन्या नोंदी जपून ठेवते, त्यामुळे की इतिहासात तशीच राहते. ती रद्द करून नवी घेणे हे पहिले काम.

तपासणाऱ्या यंत्रणेवरही लक्ष हवे

या तपासण्या चालवणाऱ्या यंत्रणेकडे अनेकदा रिपॉझिटरीच्या आणि सर्व्हरच्या चाव्या असतात. साहजिकच हल्लेखोरांची नजर तिच्यावरही असते. ‘टीजे-ॲक्शन्स’चे ‘चेंज्ड-फाइल्स’ हे कोणत्या फाइल बदलल्या ते सांगणारे साधन २३ हजारांहून अधिक रिपॉझिटरींत वापरले जात होते. मार्च २०२५ मध्ये हल्लेखोराने त्याच्या जुन्या आवृत्त्यांचे टॅग धोकादायक कोडकडे वळवले. तो कोड यंत्रणेतली गुपिते लॉगमध्ये छापत होता आणि सार्वजनिक रिपॉझिटरींचे लॉग इतरांनाही वाचता येतात. टॅग दुसऱ्या कोडकडे वळवता येतो, कमिटचा हॅश तसा वळवता येत नाही. ज्यांनी टॅगऐवजी आधीच्या कमिटचा पूर्ण हॅश लिहून ठेवला होता, त्यांच्याकडे जुना, निर्धोक कोडच चालत राहिला.

सुरुवात कुठून करावी?

• सर्व सदस्यांसाठी दोन टप्प्यांचे लॉगइन सक्तीचे करा.
• गुपित असलेला कोड रिपॉझिटरीत पोहोचण्याआधीच अडवण्याची सोय चालू ठेवा.
• स्वयंचलित यंत्रणेला मुळात फक्त वाचण्याची परवानगी द्या. लिहिण्याची परवानगी गरजेपुरतीच.
• बाहेरची साधने पूर्ण हॅशने नोंदवा.
• आलेले इशारे कोण पाहणार, हे नावानिशी ठरवा.

मर्यादा

लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड युटिल्समध्ये मार्च २०२४ मध्ये चोरवाट सापडली. ती कार्यान्वित करणारा भाग गिट रिपॉझिटरीत नव्हताच. तो वितरणासाठी बनवलेल्या फाइलमध्ये होता. लॉगइनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले आणि त्याने त्याचा छडा लावला. स्वयंचलित तपासण्या रोजच्या चुका पकडतात आणि माणसाचा वेळ वाचवतात. तो वेळ अशा खटकणाऱ्या गोष्टींकडे देता आला पाहिजे.