वाराणसीतील गवताळ रानांचे कवक-सर्वेक्षण
वाराणसी परिसरातील मारवेलसारख्या गवतांखालच्या मातीत वाढणाऱ्या कवकांचा शोध व नोंद. बनारस हिंदू विद्यापीठात रामदेव मिश्र यांनी परिस्थितिविज्ञान रुजविले. तेथे 1960च्या दशकात आर. एस. द्विवेदी यांनी गवताळ रानांतील मृदाकवके अभ्यासली. अशी कवके मातीतून मिळवण्याच्या वॉरकप यांच्या 1950च्या पद्धतीत चिमटीहूनही कमी, काही मिलिग्रॅम माती पेट्री बशीत पसरून तीवर कोमट, पातळ आगर ओततात. काही दिवसांत वसाहती उगवतात. अ‍ॅस्परजिलसची काळी, पेनिसिलियमची निळसर-हिरवी भुकटी लगेच नजरेत भरते. मोजणी मात्र फसवी: भरपूर बीजाणू सोडणारे कवक अवाच्या सवा दिसतात, मुळांलगत नुसत्या तंतुरूपाने राहणारे निसटतात. पावसाळ्यात वारुळांवर येणाऱ्या टर्मिटोमायसिसच्या छत्र्या तर रानात हिंडूनच टिपाव्या लागतात.